पोटातल्याची मूठ

धुळ्याच्या डॉक्टरने कलाबाईच्या पोटात सुई घालून तपासणीला पाणी काढलं, आणि त्याच आठवड्यात उरलेलं पाणी आपणहून गळू लागलं. थेंब थेंब, जसं फुटक्या माठातून गळतं. लुगडं ओलं व्हायचं, ती बदलायची. दोरीवरच्या लुगड्याकडे सासू भागाबाई बघायची.

शहाऐंशी साल होतं. असल्या तपासणीला तेव्हा मनाई नव्हती. स्टँडसमोर तिची पाटी उघड लागलेली होती. दोन पोरींवरचं हे तिसरं पोट. पाणी मुंबईला गेलं होतं, मुलगा की मुलगी, गावच्या बोलीत आंडोर की आंडेर, ते कळायचं होतं. डॉक्टरने निघताना बजावलं होतं, "पाणी गळालं तर लगेच आणा. झोपवून ठेवलं की भोक बहुतेक बुजतं. उशीर केलात तर पोर जाईल, बाईही जाईल."

कलाबाईने नवऱ्याला सांगितलं. भिकनने आईकडे पाहिलं.

"रिपोर्ट येऊ दे," भागाबाई म्हणाली. "आंडोर व्हई ते गाडी जुपू. आंडेर व्हई ते आपोआप मोकयी व्हई जाई. कसाले धावपय?"

कलाबाईला ताप भरला. पोटातलं मात्र अजून हलत होतं, ओंजळीत धरलेल्या चिमणीसारखं. ती हात ठेवून पडायची आणि त्याला म्हणायची, थांब रे. थांब गं. जे असशील ते थांब.

श्रावण आला. कानबाई देवीच्या रोटाचे, प्रसादाच्या जाड पोळ्यांचे, गहू घ्यायला भाऊबंदकीच्या बाया ओसरीवर जमल्या. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे, अशी त्या घराची रीत. लेकी परक्या घरच्या, त्यांची मूठ नाही. आणि सुपात पडलेली मूठ मागे निघत नाही. काढली तर देवी घरातला एक पुरुष उचलते.

"झुलाल," भागाबाईने आपल्या सासऱ्याची मूठ टाकली. "भिकन. मगन." दोन्ही लेकांच्या मुठी टाकल्या आणि हात झटकला.

कलाबाई भिंत धरून उठली. पोत्यात हात घातला. काही दाणे ओसरीभर सांडले, पण उरलेले तिने सुपात टाकले.

"मना पोटना," ती म्हणाली.

थोरल्या घरची तानुबाई हसली. "दख वं भागा, तुनी सून तुनाथीन शानी! आते मूठ पडनी. आते तो या घरना आंडोर शे. लई जाय तिले धुळाले, नहीते कानबाई तुना भिकनले दखी."

भागाबाईचा चेहरा राखेसारखा झाला. गाडी जुपली.

गाडीत पडल्या पडल्या कलाबाईला मागे जातं ऐकू आलं, बाया रोटाचं दळत होत्या. तिनेही ओठातल्या ओठात धरलं:

दयन दयता माय, कानबाईना रोटना,
संभाय दाना माय, मना ओला पोटना.

डॉक्टरने पोटाला नळी लावून ऐकलं. "ठोके आहेत. पाणीही थोडं शिल्लक आहे. औषध चालू करून झोपवून ठेवली तर राहील कदाचित." मग त्याला आठवलं. "तुमचा रिपोर्ट कालच आला. मुलगी आहे."

भागाबाईने सुस्कारा सोडला. पुरुषाची मूठ काढली तर देवी पुरुष उचलते. ही मूठ पुरुषाची नव्हतीच. "मंग खाली करी टाका."

"डॉक्टरसाहेब, माले इचारा ना," कलाबाई म्हणाली. "मनं शे ते."

"पडून राहा, बाई." त्याने हाताखालच्या डॉक्टरला बाजूला घेतलं, पण आवाज काही हळू केला नाही. "ही आपल्या अभ्यासात गुंतागुंत म्हणून धरू नका. घरच्यांनीच पाडून घेतलं, असं लिहा. पुण्याच्या परिषदेत सांगायचंय, आपल्या सुईनं एकही पोट वाया गेलेलं नाही."

पोट खाली करून कलाबाई घरी आली तेव्हा कानबाई बसून उठलीही होती. नदीत विसर्जन झालं होतं. उरलेले रोट भाऊबंदकीतच, लेकींना वगळून, उद्याच्या पुनवेच्या आत संपवायचे होते.

भागाबाईने एक अख्खा रोट तिच्यापुढे ठेवला. "तुनी मूठना. तू टाकी, तू खाय."

कलाबाई पाटावर बसली. छातीला दूध आलं होतं, चोळी भिजली. थोरली लेक सुंदर दारात उभी होती. तिने आजवर रोट नुसता वासाने खाल्ला होता.

"माय, माले?"

कलाबाईने पहिला तुकडा मोडला आणि लेकीच्या तोंडात घातला.

भागाबाई वाकली. पोरीचा जबडा दाबून बोट आत घातलं आणि तुकडा बाहेर काढला. कानबाईचा होता, फेकता येत नव्हता. तिने तो तसाच, लाळेने ओला, सुनेच्या तोंडात कोंबला.

"चाव," ती म्हणाली. "सकाय पुनी शे."

सुंदर रिकामं तोंड तसंच उघडं ठेवून बघत राहिली. कलाबाई चावत होती.