दिवस असतानाची गोळी

पानाबाईनं चौथ्यांदा पाणी गाळलं, उकळलं, निववलं आणि पेला लेकीपुढे ठेवला. त्रिशलानं पेल्याला कान लावला.

"अजून रडूनच राह्यले, आई."

"कोण, माय?"

"त्याच्यातले जीव. माहं नाव घेते."

सकाळपासून पोरीच्या पोटात थेंब नव्हता. आज गोळी-पाणी गेलं नाही तर उद्या वाशिमला भरती करायचं, असं डॉक्टरबाईंनी कालच बजावलं होतं. दिवस मावळायला अर्धा तास उरला होता.

चातुर्मास लागला तेव्हा त्रिशलानं मावळतीनंतर पाणीही न घेण्याचं व्रत धरलं. पानाबाईचं स्वतःचं तेच व्रत बावीस वर्षांचं. तिचा ऊर भरून आला. गोळी रात्री नऊची, ती व्रतात कशी बसायची? गोळ्या सुरू झाल्यापासून पोरगी आठ महिने बरी होती. पानाबाईनं गोळ्यांची पाकिटं कपाटात टाकली. पुढे त्रिशला पाणी सातसातदा गाळू लागली, तासन्‌तास गप्प बसू लागली. मंदिरातल्या बायका म्हणाल्या, "लेक साध्वी होते तुमची." पानाबाईला ते गोड लागलं.

काल डॉक्टरबाईंनी पुन्हा समजावलं. स्किझोफ्रेनिया हा मेंदूचा आजार. नसलेले आवाज येतात आणि त्या माणसाला ते खरेच असतात. थोडं रक्तातून येतं, थोडं आणखी कशाकशातून, पण कुणाच्या पापाचं फळ नव्हे. गोळी सोडली की उलटतो.

"पण व्रत होतं तिचं..."

"काकू, संध्याकाळी पाचला दिली असती तरी चाललं असतं. विचारायचं होतं."

रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुकानातून पानाबाईचा नवरा कैलासचंद डोकावला. "काहून डोकं लावतं? सांग ना तिले, काही जीव-बीव नाही म्हणून."

"काल तुमी सांगतलं नं? पेला तुमच्याच कपाळावर बसला. जा, गिऱ्हाईक पाहा."

तो गेला. पानाबाई लेकीजवळ खाली बसली. गुडघे दुखत होते.

"मले ऐकू येत नाही, त्रिशा. पण तुले येते, हे पटते मले. भेव वाटत असन."

त्रिशलानं दिवसभरात पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "लय वाटते. व्रत मोडन ना माहं?"

"दिवस हाये अजून. आन् पाप लागलंच तं मले लागन. मी देऊन राह्यली."

त्रिशलानं गोळी जिभेवर ठेवली. पहिला घोट बाहेर आला. मग तिनं डोळे मिटले, दोन्ही कान घट्ट दाबले. पेला पानाबाईनं धरला. गोळीसकट घोट उतरला. पाठोपाठ दुसरा. पेला रिकामा झाला.

खिडकीतलं ऊन गेलं. पानाबाईचं ताट झाकलेलंच राहिलं. आता सकाळपर्यंत तिला पाणीही नव्हतं.

"आवाज हायेतच, आई."

"असू दे. काही आठवडे लागते म्हणे." पानाबाईनं भिंतीला पाठ टेकली. "उद्या पाचलेच बसू आपण."