मोटरीतलं सिमकार्ड

तिसऱ्या फटक्याला भिकनचा दात पडला. धर्मेंद्रने तो चपलेने केळीच्या सरीत सारला आणि पान्हा पुन्हा उचलला.

“बोल भिकन्या, कोन शे ती बाई?”

“कोनती बाई, भाऊ?”

प्रकाशा गावच्या शिवारातली धर्मेंद्रची पाण्याची मोटर मोबाइलवर चालायची. स्टार्टरच्या पेटीत सिम होतं. घरून फोन लावला की पेटी आपोआप उचलून ‘टीं’ करायची, एक दाबलं की पाणी सुरू. पेटी भिकन मेकॅनिकनेच बसवली होती. धर्मेंद्रच्या बहिऱ्या वडिलांना ऐकू यावं म्हणून वर भोंगाही लावला होता. हल्ली सिमचं बॅलन्स उडायचं, मोटर बंद पडल्याचा मेसेज यायचा नाही आणि केळी वाळायची. चौकशी केली तर सिमवर ‘मैत्रीण गप्पा’ नावाची सेवा चालू.

सिम काढून बायकांशी बोलणारा भिकनच असणार. धर्मेंद्रने हे आधी भिकनच्या बायकोला, रिनाला, फोनवर कळवलं आणि मग पान्हा शोधला. माणूस शिस्तीचा.

चौथा फटका हवेत असताना पेटी वाजली. पेटीने सवयीने फोन उचलला. भोंग्यातून बाई लाडात बोलली, “कैसे हो, जानू? सेवा चालू रखने के लिए एक दबाइए.”

पेटी म्हणाली, “टीं.”

“शुक्रिया, जानू.”

“मन्ही मोटर?” धर्मेंद्रचा आवाज लेक पळून गेलेल्या बापासारखा झाला. त्याने पान्हा पेटीत घातला.

आत थ्री-फेज वीज होती. तिने धर्मेंद्रला धरलं आणि सोडेना. भिकनने केळीच्या टेकूचा कोरडा बांबू उपसून त्याच्या कोपरावर हाणला. धर्मेंद्र सुटून पडला. मग भिकनने पाठीतही एक हाणला. करंटसाठी पहिलाच पुरेसा होता.

“भाऊ, एक-पाच-पाच-दोन-दोन-तीनले फोन लावा, असली सेवा बंद व्हस,” तो रक्त थुंकत म्हणाला. “फुकट शे.”

खिशात फोन वाजला. रिना.

“कोन शे ती?”

“मोटर.”

पलीकडे रिनाने भांडं आपटलं.

“खोटं वाटस ते धर्मेंद्रभाऊले इचार.” त्याने फोन धर्मेंद्रच्या कानाला लावला. धर्मेंद्र जिवंत होता, पण त्याची दातखीळ बसली होती.

“ह्ं... ह्ं...”

रिनाने फोन कापला. पुन्हा लावला तर बंद.

पेटीचा चुरा झाला होता, भोंगाही गेला होता. भिकनने मेन स्विच पाडला, वायरी थेट जोडल्या आणि मोटर सुरू केली. केळी तहानलेली होती. मग तो दात शोधायला सरीकडे वळला. पाणी तिथवर आधीच पोचलं होतं.