शंभरातले चौऱ्याण्णव

आमची मनकर्णा जेवायले बसली तरी ताटातलं निवडते. खोटं सांगत नाही. समोर दाणा आला की तिची बोटं चालू होतात. तोंड गावाच्या भानगडीत, डोळे रस्त्यावर, आन् बोटं सुपात. खडा बाजूले, किडका बाजूले, चिमलेला बाजूले. म्या तिले एकदा म्हटलं, "अवं, एवढं निवडतं तं माह्यात काय निवडलं होतं वं तू?" तं म्हणे, "तवा माह्या बापानं निवडलं. माह्या हातात असतं तं तुमी बाजूच्या ढिगलीत पडले असते." रिठदमधी कोणाचंही लग्न असो, अक्षतांचे तांदूळ निवडायले आमच्याच ओट्यावर येतात. या गोष्टीचा तिले भारी अभिमान. होता म्हणा.

आमच्या भिंतीले भिंत लागून अन्वरीचं घर. तिचा नवरा चांद माह्या जोडीचा, शाळेपासूनचा दोस्त. तो गेला तवा त्याचा पोरगा हसनैन दुसरीत होता. तवापासून अन्वरीचं वावर मीच पेरून देत आलो, आन् सोयाबीनचं बियाणं दरसाल आमच्या घरून जाये. अन्वरी मनकर्णेले बाई म्हणते, मोठ्या बहिणीले म्हणतात तसं, आन् हसनैन तिले मोठीमाय म्हणे. दोपारी काम आटोपलं की दोघी आमच्या ओट्यावर एकाच सुपाले बसत.

हसनैन बारावी झाला, मंग काही दिवस वाशीमले मोटारसायकलच्या दुकानात राबला. तठी त्याचं मन लागे ना. या साली म्हणे, "काका, यंदा वावर मी पेरतो. तुमी नुसते बांधावर बसा." शेतीचं वेड पोट्ट्याले, बापावरच गेला. अन्वरीचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. तिचा भाऊ हैदराबादले राहते, गाद्यांचं दुकान आहे त्याचं. तो सारखा फोन करे, पोराले माह्याकडे पाठव, शेतीत काय ठेवलं. शेवटी अन्वरीनं पोराले आमच्यासमोर बसवून सांगतलं, "हे एक साल तुले देल्लं. वावर चांगलं आलं तं इथंच राह्य, मामूले मी समजावीन. नाही आलं तं मुकाट्यानं गाडीत बसायचं."

"कबूल," हसनैन म्हणे. त्याले रिठद सोडायचंच नव्हतं.

आता झालं असं, की गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या कापलेल्या सोयाबीनची सुडी वावरात रचून ठेवली होती आन् अवकाळी पाणी आलं. ताडपत्री उडाली, अर्धी सुडी भिजली. वाळवली, काढली, पोत्यात भरली. वरून पाहता काही समजे ना. आमी यंदा हळद लावणार होतो, म्हणून ते बियाणं सारं अन्वरीच्याच वावरात जाणार होतं. उन्हाळ्यात कृषी सहायक गावात आला, त्यानं सांगतलं, भिजलेलं बियाणं आहे तं आधी उगवण पाहा. ओल्या बारदान्यात शंभर दाणे गुंडाळून ठेवा, आठ दिवसांनी कोंब मोजा. सत्तरच्या वर आले तं बिनधास्त पेरा.

"पण काकू, दाणे जसे हाती येतील तसेच घ्या बरं," तो म्हणे. "पोत्याच्या वरचे, मधले, बुडाचे."

"ऐकू येते मले," मनकर्णा म्हणे. "बहिरी नाही मी."

आन् तिनं तसंच केलं, उगाच काहून बोलू. पोत्यात वाटी घातली, वरून, मधून, अगदी बुडातून. दाणे सुपात ओतले आन् दोघी मोजायले ओट्यावर बसल्या. मी बाजेवर चहा पीत होतो. अन्वरीच्या भाचीचं, अनमचं, लग्न मंगरूळपीरले जुळून राह्यलं होतं, नवरदेव कसा, सासू कशी, हेच चालू. बोलता बोलता दहा-दहाच्या ढिगल्या झाल्या, शंभर भरले, उरलेले दाणे परत पोत्यात. मलेही त्यात काही वावगं दिसलं नाही. दोघी जशा रोज बसतात तशा बसल्या होत्या.

आठ दिवसांनी बारदाना उलगडला तं शंभरातले चौऱ्याण्णव. पांढरे, टच्च कोंब! मनकर्णेनं तो बारदाना सुपात ठेवून साऱ्या आळीले दाखवला, बाळंतीण लेकरू दाखवते तसा. हसनैन तं तिले उचलूनच घेत होता. "मोठीमाय, मामूची गाडी हुकली आता!"

"सोड बे, पाडशीन मले," ती ओरडली, पण तोंडावर हसू मावत नव्हतं.

पेरणी ट्रॅक्टरच्या यंत्रानं केली. पोट्ट्यानं मले दहादा इचारलं, काका, किती खोल? म्या म्हटलं, दोन बोटं. यंत्राच्या मागं मागं चालत जाये, माती बाजूले करून बोट घालून पाहे, आन् मले दुरून दोन बोटं दाखवे. अर्धं वावर होईपर्यंत मी बांधावर होतो. मंग मले कामानं वाशीमले जा लागलं. गेलो नसतो तं बरं झालं असतं, पण तवा काय माहीत.

उगवायच्या दिवशी वावर पाह्यलं तं काय! एक झाड इथं, दुसरं तिकडं, मधी टक्कल. पाणी तं बरोबर झालं होतं, बाजूचे वावरं हिरवेगार. बांधावर लोक जमले. आमच्या गावात सल्ल्याले काय तोटा! बियाण्यात खोट नाही, चौऱ्याण्णव उगवले, साऱ्यांनी डोळ्यानं पाह्यले. मंग राह्यलं काय? पोट्ट्यानं खोल दाबलं. झालं. त्या चौऱ्याण्णवनं हसनैनचं तोंडच बंद करून टाकलं.

तरी तो गप बसला नाही. साऱ्या वावरात फिरला, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, आडवा-तिडवा, जठी पाय पडन तठी उकरलं. दोपारी रुमालात काहीतरी बांधून आमच्या ओट्यावर आला. रुमाल उघडला तं कुजके, काळे दाणे.

"मोठीमाय, पाह्य. सारे दोन बोटांवरच सापडले. खोल नाहीत. कुजून गेले. मले वाटते, बियाणंच..."

पुढचं त्याले बोलूच देल्लं नाही तिनं. बियाण्याले नाव ठेवलं म्हणजे तिच्या हाताले नाव ठेवलं. "चार जागी उकरून मले शिकवून राह्यला काय बे? म्या मोजून शंभर दाणे पाह्यले!" इथंच थांबली असती तं निभलं असतं. पण राग आला की तिच्या जिभेले लगाम नाही. म्हणे, "चांदभाई असते तं तुले पेरता आलं असतं."

अन्वरी भिंतीपाशी उभी होती. तिनं लेकाकडे पाह्यलं, पण त्याची बाजू घेतली नाही. हसनैननं रुमालाची गाठ पुन्हा मारली आन् निघून गेला. त्या पोट्ट्याले बाप आठवतही नाही नीट. मनकर्णेले बोलल्याबरोबर कळलं, तिचं तोंडच उतरलं, पण तोंडातून गेलं ते गेलं.

वावर मोडलं, अन्वरीनं ते त्या हंगामापुरतं दुसऱ्याले बटईनं, अर्ध्या वाट्यावर, देल्लं. हसनैन हैदराबादले निघाला तवा त्याले वाशीम टेसनावर सोडायले मीच गेलो. गाडी हलली तवा खिडकीतून म्हणे, "काका, हळदीत पाणी साचू देऊ नका." मी मान हलवली. घरी येईपर्यंत माह्या डोळ्याले धार होती, आता सांगायले लाज कायची.

पोळ्याले आमची लेक वैष्णवी घरी आली. ती वाशीमले कॉलेजात हाये, संख्याशास्त्र शिकते. हसनैन तिच्या पाठीवरच्या भावासारखा, त्याची सारी गोष्ट तिनं खोदून खोदून इचारली. मंग म्हणे, "आई, ते शंभर दाणे तू घेतले कसे?"

"कसे म्हणजे? सांगतले तसे."

"मले करून दाखव."

पेरून पायलीभर बियाणं उरलं होतं. मनकर्णेनं वाटी बुडापर्यंत घातली, सुपात ओतलं आन् बसली. वैष्णवीनं मुद्दामच तिले बोलण्यात गुंतवलं, मावशी कशी हाये, बैलाचं शिंग कोणी रंगवलं. इकडं बोटं चालू. शंभर झाले. वैष्णवीनं सुपाच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तठी एक ढिगली होती. चिमलेले, डागी, सुरकुतलेले.

"आन् हे?"

"ते होय? ते खराब हायेत."

"बाजूले काहून काढले?"

"म्या कोठं काढले?" मनकर्णा म्हणे.

आन् शपथ सांगतो, ती खोटं बोलत नव्हती. ढिगलीकडे अशी पाहे, जशी कोणा दुसऱ्यानंच आणून ठेवली.

वैष्णवी जवळ सरकली. "आई, शंभर दाणे म्हणजे पोत्याचा नमुना. पोत्यात बरे-वाईट जसे मिसळून हायेत, तसेच शंभरात आले पायजेत. तू वाईट काढून टाकले, मंग ते शंभर पोत्याचे राह्यलेच नाही."

"मंग ते चौऱ्याण्णव खोटे होते?"

"खोटे काहून? निवडलेल्या दाण्यातले तेवढे उगवतातच. पण यंत्रानं वावरात थोडंच निवडून पेरलं?"

मले राहवलं नाही. म्या इचारलं, "आन् हसनैननं उकरून आणलं होतं ते?"

"त्यानं बरोबर केलं होतं, बाबा. पाय पडन तठी उकरलं. निवडलं नाही." तिनं कोपऱ्यातली ढिगली बोटानं पसरवली. "साऱ्यात बरोबर त्यानंच पाह्यलं होतं."

मनकर्णा हट्टी बाई, तशी कबूल होते काय! म्हणून वैष्णवीनं दोन बारदाने भिजवले. एकात आईनं मोजलेले शंभर. दुसऱ्यासाठी मले डोळे मिटायले लावले, मुठीत आले ते दाणे एक एक करून मोजून घेतले, कसाही असो, एकही टाकला नाही. कॉलेज असतानाही पोट्टी कोंब मोजायले पुन्हा रिठदले आली. आईच्या बारदान्यात ब्याण्णव निघाले. माह्या बारदान्यात एक्कावन्न.

मनकर्णेनं पुन्हा पुन्हा मोजलं. मंग दोन्ही बारदाने सुपात ठेवले आन् अन्वरीकडे गेली. मी मागं मागं. तिनं सारं सांगतलं, काही लपवलं नाही. मले वाटलं, अन्वरी आता फाडून खाते. हक्कच होता तिचा. पण तिनं ते सूप आपल्याकडे ओढलं.

"बाई, सूप तं एकच होतं," ती म्हणे. "माही बोटं काय तवा बांधून ठेवली होती?"

ती भांडली असती तं मनकर्णेले सोपं गेलं असतं. दोघी आमच्या ओट्यावर आल्या, अन्वरीनं हसनैनले फोन लावला आन् आवाज मोठा करून मनकर्णेच्या हातात देल्ला. आता ज्या बाईचं तोंड दिवसभर बंद होत नाही, तिले बोलता येईना. कशीतरी म्हणे, "हसनैन, बेटा, बियाणंच खराब होतं रे. माह्या हातानं घोळ केला. आन् तुह्या बापाचं जे बोलली, त्याची मले माफी दे."

तिकडं गाद्यांच्या दुकानातला गलका. मंग तो म्हणे, "पुन्हा भिजवले काय? किती उगवले?"

"एक्कावन्न."

"काका हायेत काय तठी?"

"हाव, बोल ना बेटा," म्या म्हटलं.

"काका, म्हणजे म्या दोन बोटंच पेरलं होतं ना?"

मी फोनजवळ सरकलो. "दोनच बेटा. दोनच बोटं पेरलं होतं."

"मले तं वाटून राह्यलं होतं, तुमी वाशीमले गेल्यावर यंत्र खाली गेलं असन, माह्या ध्यानातच आलं नसन. रोज वाटे." तो थांबला. "मी रुमाल घेऊन आलो तवा मले पक्कं माहीत होतं, काका. पण सारेच म्हणून राह्यले होते ना. मंग मलेच माहा भरोसा राह्यला नाही."

मनकर्णा फोनवर वाकली. "मंग ये ना रे बाप्पा परत! हरभऱ्याची पेरणी येऊन राह्यली. तू पेर, तुह्या मनानं पेर. आमी कोणी बांधावरसुद्धा येत नाही."

तो हसला, पण कसं हसला ते ऐकवत नव्हतं. "नाही, मोठीमाय. आता मातीत हात घालायची हिंमत नाही होत. गिऱ्हाईक आलं, ठेवतो."

अन्वरीनं फोन खाली ठेवला. सकाळपासून कोणाच्या तरी लग्नाचे तांदूळ ओट्यावर येऊन पडले होते, सूप भरलेलं होतं. दोघी त्या सुपाच्या दोन बाजूंनी बसल्या होत्या. मी किती वेळ पाहत राह्यलो. कोणाचीच बोटं हलली नाहीत.