हिरव्या ठिपक्याची नोकरी

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेली चिठ्ठी असते ना, तुम्ही न वाचता फेकता ती? ती मी तपासते. काम घरून, कंपनीच्या लॅपटॉपवर. पण पडद्यावर वाचलं की माझे डोळे नुसते घसरत जातात. म्हणून मी सगळं छापून घेते, टेबलावर पसरते आणि एकेका शब्दावर बोट ठेवून वाचते. सोळा वर्षांत एका गोळीचा हिशेब चुकू दिलेला नाही.

तेवढ्यात लॅपटॉप मात्र पाच मिनिटं वाट बघून खुशाल झोपायचा. तो झोपला की ऑफिसच्या यादीत माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा. आमचे साहेब दिवसभर ते ठिपके बघत बसतात. त्यांना दुसरं काही काम असेल तर ते आजवर कुणाच्या दृष्टीस पडलेलं नाही. 'आपण जागेवर नसता' असे त्यांचे दोन मेल आले. तिसऱ्याची भाषा फार गोड होती, अर्थ एवढाच की आणखी एकदा पिवळी दिसलीस तर नारळ.

या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार?

ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, कॉम्प्युटर दुरुस्त करतात. त्यांना बोलावलं. ते आले, चहा प्यायले, सेटिंगमध्ये शिरून पॉवरचं पान उघडलं. किती मिनिटांनी झोपायचं, यापुढे पाच होतं. तिथे त्यांनी 'कधीच नाही' निवडलं.

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच. यासाठी तीन आठवडे रडत होतीस?"

मग काय, माझी चंगळ. मी कागद वाचत होते, बाजारात जात होते, दुपारी तासभर आडवी होत होते, ठिपका आपला हिरवागार. शनिवार-रविवारीसुद्धा लॅपटॉप बंद करायचं मी साफ विसरले. पुढच्या महिनाअखेरीस सगळ्यांना मेल आला की सर्वांत मेहनती कर्मचारी मी, एकूण सातशे वीस तास. तीस दिवसांत मुळात तास तेवढेच असतात, हे त्या शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन.

"मॅडम, खरं सांगा. तुमचा ठिपका पिवळा का होत नाही?"

थाप मारता आली असती, पण सोळा वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून मला थाप नीट जमतच नाही. जायची ती नोकरी जाऊ दे एकदाची, म्हटलं, आणि कागद, दाजी, दुपारची झोप, सगळं ओकून टाकलं.

पलीकडून हळू आवाज आला.

"सेटिंग उघडलं. पुढे?"

"तुम्हाला कशाला हवंय, साहेब?"

"माझा ठिपकाही वर कुणीतरी बघतंच की. आठ महिने झाले, मी उजव्या हाताने जेवतो आणि डाव्या हाताने माउस हलवत बसतो."

या माणसाला मी मनात काय काय शिव्या घातल्या होत्या, त्या आठवून मला लाज वाटली.

"आता पॉवर शोधा," मी म्हटलं. "सावकाश. मी फोनवर आहे."