मुका मार

"आता छान दिसतेस की!"

गेल्या चार महिन्यांत हे वाक्य तिने किती जणांकडून ऐकलं असेल, याची मोजदाद नव्हती. जिन्यात भेटलेली शेजारीण म्हणायची, भेटायला आलेली नणंद म्हणायची. आणि खरंच, दिसायला ती छानच होती. कपाळावर खोक नाही, टाका नाही, हातात काठी नाही. मग एवढी धडधाकट बाई दिवसाढवळ्या पडदे ओढून का पडून असते, हे लोकांना कळावं तरी कसं?

ती टपाल कचेरीत छाननीला होती. पत्र उचलायचं, पत्ता वाचायचा आणि भिंतीवरच्या शंभरेक खणांपैकी नेमक्या खणात सरकवायचं. तिचा हात झपाझप चालायचा आणि तोंड त्याहून झपाझप. म्हणून सगळी कचेरी तिला ‘रेडिओ’ म्हणायची. एके दिवशी खालच्या फळीवरचं पुडकं उचलून ती उभी राहिली आणि लोखंडी कपाटाच्या उघड्या दाराचा कोपरा तिच्या टाळूवर बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण रक्ताचा थेंब नाही.

"काही झालं नाही, पाणी प्या," साहेब म्हणाले. तिनेही हसण्यावारी नेलं आणि उरलेले पाच तास काम केलं.

संध्याकाळी घरी येताच उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. "फोटो स्वच्छ आहे. पण मेंदूला मुका मार बसलाय. जपावं लागेल, वेळ लागेल," ते म्हणाले. घरच्यांनी त्यातलं ‘फोटो स्वच्छ आहे’ तेवढं ऐकलं.

तिचा नवरा सुतार. घरामागच्या शेडमध्ये दारं-खिडक्या बनवायचा. माणूस वाईट नव्हता, उलट फार मायेचा. पहिल्या महिन्यात तिला आवाज सोसेना म्हणून त्याने कापायचं यंत्र बंद ठेवलं आणि हाताने करवत चालवली. लेकीच्या मदतीने स्वयंपाक केला, कपडे धुतले. हे सगळं त्याने हूं की चूं न करता केलं. त्याला सोसत नव्हती ती घरातली शांतता.

पूर्वी ती कामावरून आली की चपला काढता काढताच सुरू व्हायची. कोणी पत्त्याच्या जागी नुसतं ‘मावशीचं घर’ लिहिलंय, कोणाचं प्रेमपत्र चुकून सासऱ्याच्या हाती पडलंय! तो दारात उभा राहून अंगावरचा भुसा झटकत हसायचा. त्या तासाभरासाठी तो दिवसभर रंधा मारायचा म्हणा ना. आता ती यायची नाही, कारण ती जातच नव्हती. बोलता बोलता शब्द हरवायचे. "ते दे ना... ते... चहाचं, भोकाभोकांचं," ती म्हणाली, तेव्हा गाळणी पुढे करताना त्याला हसू आलं. आणि ती ओक्साबोक्शी रडली. लेकीच्या हातून ताटली पडली, तर ती एवढ्यांदा ओरडली, की पोरगी पांढरीफटक पडली.

"आई, तू आधी अशी नव्हतीस," लेक म्हणाली.

"तू पूर्वीसारखी कधी होणार गं?" नवरा विचारायचा. प्रेमानेच विचारायचा. ती भिंतीकडे तोंड फिरवायची.

शेवटी त्याने मनाशी ठरवलं, हिची माणसं हिच्याजवळ आणली की ही आपोआप खुलेल. एका रविवारी दुपारी त्याने तिला न सांगता कचेरीतली चौदा माणसं घरी बोलावली. पडदे उघडले, खुर्च्या मांडल्या, गाणी लावली. सगळे एकदमच आले आणि एकदमच बोलू लागले. कोणी टाळ्या वाजवल्या. कोणी पाठीवर थाप मारली. "काय गं, रेडिओ बंद पडला काय!" कोणीतरी म्हणालं आणि खोली हशाने दणाणली.

ती हसायला गेली. ओठ हलले. मग चेहऱ्याचा रंग उतरला, तिने दोन्ही कानांवर हात दाबले आणि भिंत चाचपत न्हाणीघरात शिरून आतून कडी लावली.

माणसं चुळबुळली. "आम्ही एवढे आलो आणि ही..." "दिसते तर ठणठणीत!" "भरपगारी रजा कोणाला नको असते, म्हणा!" हळूहळू सगळे पांगले. मागे राहिला एकटा टपालगाडीचा चालक. भरघोस मिशांमुळे त्याला सगळे ‘कप्तान’ म्हणत. त्याने आधी गाणी बंद केली, मग पडदे ओढले.

"मिस्त्री, हिचा पाय मोडला असता तर आज नाचायला उभी केली असतीस?"

"काहीतरीच काय कप्तान! मी तर तिच्या भल्यासाठी..."

"भल्यासाठीच केलंस रे. पण पायाला प्लास्टर असतं, ते बघून परका माणूससुद्धा उठून जागा देतो. डोक्याच्या आतल्या दुखण्याला कोण जागा देणार? पंधरा वर्षांपूर्वी मी गाडीच्या टपावरून पडलो. अंगावर ओरखडा नाही! पण दोन वर्षं साधे आकडे डोक्यात बसत नव्हते, गोंगाट सोसत नव्हता. एकदा स्वतःच्या मेव्हण्याला मी ‘आपण कोण?’ म्हणून विचारलं. तो माणूस अजून माझ्याशी बोलत नाही. तेवढा एक फायदा झाला बघ."

सुतार हसला नाही. "पण ती परत कधी येणार, कप्तान? मला घरात करमत नाही हो तिच्याशिवाय."

"कोणाशिवाय? ती तर त्या दाराआड बसलीय. तू वाट बघतोयस दुसरीच्याच येण्याची. आणि तू अशी वाट बघतोस, की हिला वाटतं, आपण या घरात नकोशी पाहुणी आहोत!"

सुतार जागच्या जागी थिजला. अरेरे, हे आपण काय करत होतो!

कप्तान गेल्यावर तो न्हाणीघराच्या दाराशी जमिनीवर बसला. त्याने दार वाजवलं नाही. बऱ्याच वेळाने अगदी हळू म्हणाला, "चुकलो मी. सगळे गेलेत. तुझं तू ये, घाई नाही."

दाराआडून ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, तिची आठवण तुम्हालाच येते?"

त्याने दाराला कान लावला.

"मलाही येते हो. तुमच्यापेक्षा जास्त येते. डोळे मिटले की ते खण दिसतात, हात आपोआप उचलला जातो. पत्रांचा तो कागदी वास... मी छाननीच्या त्या खोलीसाठी झुरतेय. आणि तुम्ही सगळे मलाच विचारता, ती कुठे गेली म्हणून. मला माहीत असतं, तर मीच नसतं का आणलं तिला?"

सुताराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. चार महिन्यांत त्याने तिला ‘कधी’ म्हणून शंभरदा विचारलं होतं, ‘कसं’ म्हणून एकदाही नाही!

दुसऱ्याच दिवशी तो तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेला आणि या खेपेस त्यांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. नुसतं पडून राहूनही भागत नाही. काम थोडं थोडं वाढवायचं, डोकं ठणकायला लागलं की थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तो टपाल कचेरीत गेला.

"पण बाई दिसतात तर छान," साहेब म्हणाले.

"साहेब, दात दुखतो तेव्हा तो बाहेरून दिसतो का? तरी तुम्ही रजा टाकताच ना!"

साहेब ओशाळले. त्यांनी चिठ्ठी पुन्हा एकदा, सावकाश वाचली. महिन्याभराने ती कामावर रुजू झाली. दिवसाला दोन तास, मागच्या शांत खोलीत. पहिल्या दिवशी तिने चाळीस पत्रं लावली, त्यातली सहा चुकली. घरी येऊन तीन तास झोपली. सहा महिन्यांनी ती अर्धा दिवस काम करू लागली. साहेबांनी आता नियमच करून टाकलाय, कोणाच्याही डोक्याला मार लागला की काम तिथेच थांबवायचं आणि थेट डॉक्टर गाठायचा.

मंडळी, जखम दिसली तरच ती खरी, असं मानायची आपल्याला खोडच लागली आहे. हात गळ्यात बांधलेल्याला आपण दार उघडून देतो आणि डोक्याला मार लागलेल्याला ‘नाटकं करतो’ म्हणतो. तुमच्या घरात, कचेरीत, शेजारी असं माणूस असेल, तर त्याला ‘छान दिसतोस’ म्हणू नका आणि ‘पूर्वीसारखा कधी होणार’ हे तर मुळीच विचारू नका. त्याच्या दुखण्यावर विश्वास ठेवा. निम्मं औषध तेच आहे!

ती पुरती पूर्वीसारखी झालेली नाही. कदाचित होणारही नाही. सुताराला अजून हुरहुर लागते आणि आता तो ती लपवत नाही. कधी कधी सकाळी चहा घेताना दोघं मिळून त्या जुन्या बाईबद्दल बोलतात, दूरदेशी गेलेल्या जिवलगाबद्दल बोलावं तसं, हसतात. मग तो तिच्याकडे वळून विचारतो, "आज कसं वाटतंय तुला?"

आणि ती शब्द शोधत असते, तोवर तो थांबतो.