विनोदिनीवर आलेला आळ

धारच्या जयवंतीबाईंना सर्दी झाली होती, अंगात कसकसही होती. पण संक्रांतीला देवासला धाकट्या भावाकडे, रत्नाकरकडे जायचं ठरलेलं. ते काही त्यांनी मोडलं नाही. दारातच भावजय विनोदिनीनं विचारलं, "वन्सं, खोकताय? शशीला जपावं लागतं हो."

"बसमधली धूळ गं," म्हणत त्यांनी सहा वर्षांच्या भाचीला मांडीवर ओढलं. रात्री कुशीतही घेतलं.

शशीला मूत्रपिंडाचा विकार. गेल्या वर्षी पोर सुजून फुगली होती, मग गोळ्यांनी बरी झाली होती.

चार-पाच दिवसांत तिला सर्दी झाली, ताप भरला. मग एका सकाळी उठली ती पापण्या सुजवूनच. रत्नाकर घाबरला. जयवंतीबाई ताडकन म्हणाल्या, "परवा हिनं पोरीला खारट शेव दिली. पाहिलं ना मी!"

रत्नाकरनं बायकोला नाही नाही ते सुनावलं. एक मूठभर शेव पोरीनं रडून मागितली होती. 

सगळे शशीला घेऊन इंदूरला गेले. तिथल्या डॉक्टरांनी तिची लघवी नळीत तापवली. ती पांढरीफट्ट साकळली, म्हणजे दुखणं उलटलं होतं.

"नमकीन खाया था, डॉक्टरसाब," रत्नाकर म्हणाला.

"नमक से सूजन बढ़ती है, बीमारी नहीं लौटती. वो अक्सर सर्दी-बुखार के बाद लौटती है. घर में किसी को खाँसी थी?"

जयवंतीबाईंची कानशिलं तापली. आता ही सांगणार! पण विनोदिनीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मौसम ही ऐसा है," एवढंच ती म्हणाली.

तिनं चारचौघांत नाव घेतलं असतं तर बरं, असं त्यांना झालं.  बसस्टँडवर आल्यावर त्या कशाबशा बोलल्या, "रत्नू, खोकला मी आणला. हिनं दारातच विचारलं होतं. मी खोटं बोलले."

रत्नाकर मान खाली घालून उभा राहिला. विनोदिनीनं शशीला पुढं केलं. "धरता का जरा? मी पाणी आणते."

"नको गं," तोंडाला पदर लावत त्या मागं सरल्या. "खोकला आहे अजून."

त्या तिथूनच धारला परतल्या. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि पंधरवड्यात सूज उतरली, असं नंतर कळलं. रत्नाकर बायकोशी दोन शब्द नीट बोलला का, हे विचारायचं धाडस मात्र त्यांना झालं नाही.