माझ्या पोटातली खडपे

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. मित्रांनो, तुम्ही आजवर छत्रीची, शाळेच्या घंटेची, फाटक्या पुस्तकाची कहाणी ऐकली असेल. ती सगळी गरीब स्वभावाची मंडळी. मी तशी नाही. मला राग येतो, आणि माझ्या आयुष्यात रागावण्यासारखे पुष्कळ घडले आहे.

सध्या माझा मुक्काम समुद्रकाठच्या देवबागला भाई तांडेलांच्या घरी, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे. सोबतीला मूठभर तांदूळ. खाऱ्या वाऱ्याचा ओलावा मला लागू नये म्हणून ते घातले आहेत. एके काळी ज्या घरात माझ्यावर वल्ह्याचे घाव पडले, त्याच घरात आता तांदळात झोपते. नशीब म्हणतात ते हेच असावे.

माझा जन्म कुठल्याशा परक्या देशातल्या कारखान्यात झाला. त्या दिवसांचे मला काही आठवत नाही. आठवते ते सावंतवाडीचे दुकान आणि तिथून मला मांडीवर घेऊन एसटीने देवबागला आणणारा स्वरूप. हा भाईंचा मुलगा. कॉलेज शिकलेला, पण जीव समुद्रात. त्याने मला एका पांढऱ्या पेटीत बसवले आणि माझ्यावर विंडोज घातली. विंडोज म्हणजे माझी संसाराची मांडणी समजा. भांडी कुठे, दार कुठे, पाहुणा कुठून येणार, हे सगळे तीच ठरवते.

स्वरूपच्या डोक्यात एक गोष्ट होती. आमच्या समुद्रात पाण्याखाली खडकांच्या रांगा आहेत, त्यांना इथे खडपे म्हणतात. खडपाभोवती मासळी खेळते, आणि त्याच खडपावर होडी फुटते. प्रत्येक तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, आपापली खडपे ठाऊक असतात. देवळाचा कळस आणि डोंगरावरचे ठरावीक झाड एका रेषेत आले की खाली खडप, अशी ती खूण. पण ही खूण तो सख्ख्या मेव्हण्यालाही सांगणार नाही. बाप मरताना मुलाच्या कानात सांगतो, तेही बायकांना बाहेर काढून. स्वरूप म्हणाला, सगळ्या खुणा एका नकाशात आणू. वादळात, धुक्यात कळस दिसत नाही. तेव्हा होडीतून जीपीएसचे आकडे वायरलेसवर सांगायचे आणि किनाऱ्यावरून वाट दाखवायची.

तांडेल कसले कबूल होतात! महिनोन्महिने तो त्यांच्या पडव्या झिजवत राहिला. शेवटी ते एका अटीवर तयार झाले. नकाशाची नक्कल कधीच होता कामा नये. स्वरूपने मग तो नकाशा असा कुलूपबंद केला, की तो फक्त माझ्यावरच्या त्या एका विंडोजमध्ये उघडेल. उचलून दुसरीकडे नेला तर नुसती राख. कुलूप काढायचे झाले तर तेही आतूनच, आणि प्रत्येक तांडेलाने आपला गुपित शब्द दिल्यावरच. सगळे खूश झाले. आपला सगळा जीव एकाच पेटीत कोंडला आणि वर ते अभिमानाने सांगत फिरू लागले. असे शहाणपण आमच्याच किनाऱ्यावर पिकते.

माझे सुखाचे दिवस तेच. स्वरूपची बायको संजना वायरलेससमोर बसे. दसऱ्याला पेटीला झेंडूचा हार पडे आणि भाई हात जोडून गाऱ्हाणे घालत, "बा देवा म्हाराजा, ह्या पेटयेक कोणाची नजर लागली आसात तर ती दूर कर रे म्हाराजा!" जमलेले खलाशी ओरडत, "व्हय म्हाराजा!" मला मोठी मौज वाटे.

मग एका पहाटे मासेमारीच्या एका मोठ्या यांत्रिक ट्रॉलरने स्वरूपच्या होडीवर धडक दिली आणि तो थांबलाही नाही. अर्धी होडी किनाऱ्याला लागली. स्वरूप लागलाच नाही. संजना त्या दिवशीही वायरलेसवर बसली होती. संध्याकाळपर्यंत ती त्याचे नाव घेत राहिली, आणि भाईंनी शेवटी माइकची वायर हिसकून काढली. मला रडता येत नाही. आले असते तर मी गंजून गेले असते.

पुढच्या वर्षी घाव माझ्यावर आला. शिवा नावाचा एक तांडेल होता. हाडापेराने मोठा आणि संतापाने त्याहून मोठा. त्याच्या खडपावर ट्रॉलरने जाळे ओढून सगळी मासळी खरवडून नेली. शिवाची खात्री झाली, की ती खूण माझ्या पोटातूनच बाहेर गेली. तो वल्हे घेऊन दारात उभा राहिला.

"माझी खूण विकल्यात! माझ्या पोरांच्या तोंडातलो घास विकल्यात!"

"शिवा, कुलूप तसाच आसा. कोणी काय विकूक नाय," भाई आडवे आले.

पहिला घाव भाईंच्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा, तिसरा, चौथा माझ्या पेटीवर. पत्रा फाटला, पंखा उडाला, आणि मदरबोर्डचे तीन तुकडे झाले. ज्याच्याशी मी वर्षानुवर्षे बोलत होते तो एका क्षणात मुका झाला. शिवाने पेटी लाथेने अंगणातून खाडीच्या चिखलात लोटली. त्याचा धाकटा भाऊ महादू त्याची कंबर धरून मागे ओढत होता, "दादा, सोड! दादा, पुरे!" म्हणत होता. महादूचे ओठ फुटले, पण त्याने मिठी सोडली नाही. त्याच्यामुळे पाचवा घाव माझ्यापर्यंत आला नाही.

आणि भाईंचे प्रेम तरी काय सांगावे! खाऱ्या पाण्यात पडलेले होडीचे इंजिन लगेच गोड्या पाण्याने धुवायचे, हा त्यांचा जन्माचा धडा. मोडका हात छातीशी धरून ते दुसऱ्या हाताने विहिरीच्या पाण्याचे तांबे पेटीवर ओतू लागले. संजना किंचाळत धावली, तिने मला ओढून बाहेर काढले आणि पदरात गुंडाळले. नाहीतर शत्रूने सोडलेला जीव मायेने गेला असता.

सावंतवाडीहून नवा मदरबोर्ड घेऊन सर्वेश आला तो महिनाभराने, नोव्हेंबरात. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा हा उमदा माणूस, पण एका शब्दाचा मोठा भोक्ता. तो शब्द म्हणजे फॉरमॅट. मित्रांनो, तुम्हाला तो शब्द साधा वाटतो. आम्हा हार्ड डिस्कना तो सुरीसारखा लागतो. फॉरमॅट म्हणजे सगळे पुसून कोरे करणे.

त्याने मला नव्या बोर्डाला जोडले. मी जागी झाले आणि थेट भिंतीवर आपटले. निळा पडदा. पुन्हा सुरू, पुन्हा निळा पडदा. माझ्या विंडोजला जुन्या बोर्डाची दारे ठाऊक होती आणि इथे दारेच दुसरीकडे. ती दार समजून भिंतीवर डोके आपटत होती.

"फॉरमॅट मारतंय," सर्वेश म्हणाला. "जुनी विंडोज नव्या बोर्डार चलना नाय. नवीन घातलंय काय मोकळो."

"हात लावशात तर खबरदार," संजना म्हणाली. "सगळी खडपां तेच्यात आसत. ती विंडोज गेली तर माझ्या घोवाची सगळी मेहनत गेली."

सर्वेश डोके खाजवत म्हणाला, "एक वाट आसा. पण वेळ जातलो, आणि एक बटन चुकला तर सगळा संपला."

तेवढ्यात बाहेर वारा फिरला. दुपार होती, पण अंगणात काळोख दाटला. माडांच्या झावळ्या तुटून कौलांवर आदळू लागली, वीज गेली, आणि होडीच्या बॅटरीवर चालणाऱ्या वायरलेसमधून आवाज फुटला.

"भाई! कोण आसा काय थंय? मी शिवा! डोंगर दिसना नाय, देऊळ दिसना नाय! पाणी आत येता हा!"

भाईंनी आपल्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे पाहिले. मग, स्वतः वायर उपटलेला आणि पुढे पुन्हा जोडलेला माइक त्यांनी चांगल्या हाताने उचलला.

"मेल्या, आवशीक खाव तुझ्या! आयक. तुका बुडून मराक दिवचंय नाय. माझो हात मोडलंस, तेचो हिशोब किनाऱ्यार करुचो आसा. जीपीएसचे आकडे सांगत रव. बोलाचो थांबा नको." आणि सर्वेशवर ओरडले, "बघतस काय? तुझी ती वाट धर!"

पेटीला इन्व्हर्टर लावून दुसरी बॅटरी जोडली. सर्वेशने विंडोजची सीडी घातली. पडद्यावर पहिल्यांदा सूचना आली, दुरुस्तीसाठी कीबोर्डवरचे आर बटन दाबा. संजनाचे बोट पुढे सरसावले. सर्वेशने तिचे मनगट पकडले.

"हो न्हय! ह्यो आर फसवो. आधी नवीन घालूचा म्हणून पुढे जावचा. मगे ती जुनी विंडोज आपणच शोधता आणि परत इचारता. तेव्हाचो आर खरो."

असे असते बघा. जगायचे असेल तर आधी मरायला निघाल्यासारखे दाखवावे लागते. सर्वेशने पुढे जाण्याचे बटन दाबले. शोध संपला. पडद्याने विचारले, ही जुनी विंडोज सापडली, दुरुस्त करायची की पुसून नवी घालायची? संजनाने स्वतः दुसरा आर दाबला.

मग ती हिरवी पट्टी सरकू लागली, गोगलगाईच्या चालीने. माझ्या अंगात सुतारकाम चालले होते. भांडी तिथेच, देव्हारा तिथेच, फक्त जुनी दारे उखडून नवी बसत होती. वायरलेसवर शिवा आकडे ओरडत होता आणि मधूनच लाटेचा धडाका त्याचा आवाज गिळत होता. एकदा महादूचा आवाज आला, "वैनी, घाई कर गो!" खोलीतले सगळे त्या हिरव्या पट्टीकडे बघत होते, जणू नजरेने ती पुढे ढकलत होते. भाई गाऱ्हाणे पुटपुटत होते आणि मधेच शिवाला शिव्या देत होते.

मी उठले. निळा पडदा आला नाही. स्वरूपने लावलेले त्याच्या होडीचे चित्र पडद्यावर आले, आणि संजनाने तोंडावर हात दाबला. मग नकाशा उघडला. कुलपाने आपली विंडोज ओळखली. लाल ठिपके म्हणजे खडपे, आणि संजनाने शिवाचे आकडे घालताच त्यांच्यामधोमध शिवाची होडी.

"दक्षिणेक घेवा, शिवाकाकानू! आजून! आता सरळ!" संजना ओरडत होती. एक खडप मागे पडले. दुसरे मागे पडले. "पुढे मोकळा आसा. सरळ खाडीच्या तोंडात येवा!"

आणि वायरलेसमधून लाकूड फुटल्याचा आवाज आला.

फळ्या धरून पोहत तीन माणसे किनाऱ्याला लागली. शिवा त्यांत होता. महादू दुसऱ्या दिवशी मिळाला. त्याचे कपाळ खडपाने फोडले होते.

संजना जेवेना, बोलेना. "मीच मोकळा आसा म्हटलंय," एवढेच ती म्हणे. गावात कुजबुज सुरू झाली, की पेटीने माणूस खाल्ला. महादूचे दिवस झाले त्या दुपारी माणसे काठ्या घेऊन अंगणात जमली. त्यांच्यापुढे शिवा होता आणि त्याच्या हातात तेच वल्हे. मी म्हटले, आता पाचवा घाव. त्याला अडवणारा आता राहिला नाही.

शिवाने वल्हे संजनाच्या पायाशी ठेवले.

"पोरी, तू मारूक नाय तेका. मी मारलंय," तो म्हणाला. "थंय खडप आसा. माझ्या बापाशीन माका सांगलेला. स्वरूपाक सगळी खडपां दिलंय, ता एक दिवक नाय. तू मोकळा आसा म्हटलंस, माका वाटला आमी तेच्या फुडे इलंव. महादू माझो हात धरून सांगत होतो, दादा बोल, ता खडप सांग. पण वायरलेस सगळ्या होड्यांत आयकाक येता. माझी जीभ उचलली नाय."

अंगणातल्या काठ्या एकेक करून खाली झाल्या. शिवा आत येऊन स्टुलावर बसला आणि त्याने खूण सांगितली, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने. संजना डोळे पुसत टाईप करत होती.

"खडपाचा नाव काय घालू?" तिने विचारले.

शिवा म्हणाला, "तेका नाव नाय गो. कोणाक सांगूकच नाय, मगे नाव कशाक लागता?"

संजनाने मग तिथे महादू असे लिहिले.

त्याच आठवड्यात तांडेल एकेक करून आले आणि आपापला गुपित शब्द देऊन गेले. एकाचा शब्द बायकोच्या लाडक्या नावाचा निघाला, तेव्हा त्या खोलीत कितीतरी दिवसांनी माणसे हसली. कुलूप निघाले. नकाशाच्या नकला झाल्या. त्या प्रत्येक वाडीत गेल्या, शाळेत गेल्या, पार देवगडच्या बंदरापर्यंत गेल्या. आणि मी? माझ्यावाचून कुणाचे काही अडेना. मी डब्यात आले. खरे सांगते, सुरुवातीला मला फार राग आला.

आता नाही येत. आमच्या मंडळींनी शेवटी तुमच्याकडे मागणे मागायची रीत आहे. आम्हाला जपा, आम्हाला फेकू नका. मी ते मागत नाही. मदरबोर्ड बदललात तर मला पुसण्याआधी एकदा विचार करा, दुसरा आर लक्षात ठेवा, इतके पुरे. पण मित्रांनो, ज्याच्यावर कुणाचा जीव अवलंबून आहे ते एकाच पोटात ठेवू नका. ना माझ्या, ना तुमच्या. सांगून टाका. महादू खडप आज प्रत्येक होडीतल्या नकाशात आहे, आणि त्याच्यावर पुन्हा कुणाची होडी फुटलेली नाही.